घमेलं, खण आणि चटई : बांधकामाच्या शब्दांचा थोडा इतिहास

पोस्ट लांब आहे, पण ज्यांची सोसायटी रिडेव्हलपमेंटला निघाली आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचावी. सुरुवात मात्र घमेल्यापासून.

घमेलं हा शब्द पोर्तुगीज आहे. त्यांच्याकडे ‘गामेला’ म्हणजे लाकडी परात. मिस्त्री त्यांचाच (मूळ ‘मेस्त्रे’, म्हणजे उस्ताद). दाराची बिजागरी, कुलपाची चावी, पाण्याची बादली आणि बाहेरचा व्हरांडा हेही तिकडचेच. वसई, चौल, गोव्याकडे त्यांनी चर्च आणि किल्ले बांधले, हाताखाली आपले गवंडी-सुतार होते. काम संपलं, शब्द राहिले.

त्याआधीचा थर फारसी-अरबीचा. इमारत, दरवाजा, मजला, पाया, बुरूज, हौद, तावदान. कमान म्हणजे मुळात धनुष्य. गिलावा म्हणजे माती आणि पाणी, ‘गिल’ आणि ‘आब’. गच म्हणजे चुन्याचा लेप, म्हणून चुना ठोकून केलेलं सपाट छप्पर ती गच्ची. (आज गच्चीत चुना नाही आणि दर पावसाळ्याआधी वॉटरप्रूफिंगची वर्गणी आहे.) सुताराचा रंधा फारसी. काटकोन बघायचा गुण्या तर ग्रीक ‘गोनिया’ म्हणजे कोन, तिथून फारसीत आणि तिथून आपल्या सुताराच्या पिशवीत आला. त्याच पिशवीतला ओळंबा मात्र संस्कृत ‘अवलंब’ वरून आलेला. एकाच भिंतीची उभी रेषा संस्कृतात आणि काटकोन ग्रीकमध्ये, आणि भिंत सरळच उभी राहते!

शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, हे बहुतेकांना माहीत आहे. सुमारे 1400 शब्द, दहा वर्ग, त्यात किल्ल्यांसाठी वेगळा दुर्गवर्ग. कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द द्यायचे, हा हेतू. दरबारात त्याचं महत्त्व मोठंच होतं. पण गवंड्याच्या तोंडून दरवाजा आणि बुरूज काही गेले नाहीत. माझ्या मते यात कोशाचा कमीपणा नाही. कामावरचा शब्द हत्याराबरोबर येतो आणि हत्यार बदललं की जातो. हुकमाने तो सहसा हलत नाही.

वाड्यांची भाषा यातूनच तयार झाली. जोतं, ओसरी, पडवी, सोपा, माजघर, चौक. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. जागा खणांतच मोजायची, ‘दोन खणांची खोली’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे खोली उभी राहायची. आता खण काही पक्कं माप नव्हतं. लाकूड जेवढं लांब मिळेल तेवढा खण, त्यामुळे एका वाड्याचा खण दुसऱ्याला लागू नाही. घरमालक त्यातही हात मारत असणार, उगाच जुनं सगळं सोनं म्हणू नये. पण एक गोष्ट होती. भाडेकरू खोलीत उभा राहून खांब मोजू शकत होता. शब्द आणि वस्तू दोन्ही त्याच्या समोर होत्या.

मग इंग्रज आले, पीडब्ल्यूडी आलं, पुढे सिमेंट आणि सळई आली. चुन्याची घाणी बंद पडली आणि तिच्याबरोबर तिची भाषाही. कॉलम, बीम, स्लॅब, सेंट्रिंग, प्लिंथ हे आता मराठीच झालेत. ब्रासही तसाच. 100 घनफूट म्हणजे एक ब्रास, शासनाच्या कागदावर 2.83 घनमीटर. खडी आणि वाळू याच मापाने मिळते. आणि प्लास्टर-फरशीच्या कामात तोच ब्रास 100 चौरस फुटांचा होतो! माहीतगाराला अडचण नाही. गावात घर बांधायला काढलेला माणूस मात्र दोनदा विचारतो आणि तरी गोंधळतो.

1960 साली राज्य झालं, त्याच वर्षी भाषा संचालनालय झालं. पदनाम कोश आला, पुढे स्थापत्य अभियांत्रिकीचा परिभाषा कोशही आला. या कोशांची टिंगल करायची फॅशन आहे, मला ती पटत नाही. कार्यकारी अभियंता, सार्वजनिक बांधकाम, भोगवटा प्रमाणपत्र हे शब्द आज सहज वापरले जातात. प्लिंथच्या तपासणीला ‘जोते तपासणी’ म्हणणं तर फारच चांगलं, वाड्याचा शब्द महापालिकेच्या फायलीत जिवंत राहिला. ‘मानीव अभिहस्तांतरण’ बद्दल मात्र काय बोलावं. सोसायटीची जमीन सोसायटीच्या नावावर व्हायची, इतकी साधी आणि महत्त्वाची गोष्ट. तिचं नाव वाचूनच लोक अर्ज बाजूला ठेवतात.

पण सगळ्यात महाग पडलेला शब्द चटई.

कार्पेट एरिया म्हणजे घरात सतरंजी अंथरता येईल एवढी जागा. त्याचं मराठी चटईक्षेत्र. ठीक. पण एफएसआय म्हणजे प्लॉटच्या मानाने एकूण किती मजला-क्षेत्र बांधता येईल याचं गुणोत्तर, त्याचंही मराठी झालं ‘चटईक्षेत्र निर्देशांक’. मुंबईच्या 1991 च्या नियमावलीत हा निर्देशांक शहरात 1.33 आणि उपनगरांत 1 होता. म्हणजे उपनगरात 1000 चौरस मीटरच्या प्लॉटवर मूळ हक्क 1000 चौरस मीटर बांधकामाचा, आणि त्या 1000 मध्ये भिंतीही मोजल्या जातात. त्याच नियमावलीतला कार्पेट मात्र भिंती वगळून. एकीकडे भिंती आत, एकीकडे बाहेर, आणि मराठीत दोन्ही चटई!

मी सोसायट्यांमधल्या फ्लॅटची मापं घ्यायचं काम करतो. मीटिंगमध्ये कुणीतरी काका हमखास उठतात, ‘चटईक्षेत्र दुप्पट झालं म्हणे, मग माझं घर दुप्पट का नाही?’ लोक हसतात. काका चुकलेले नसतात, त्यांनी शब्दावर विश्वास ठेवलेला असतो.

यात 2016 च्या रेरा कायद्याने आणखी एक बदल केला. सुपर बिल्टअप, सेलेबल असल्या फुगवलेल्या आकड्यांना त्याने चाप लावला, त्याचे उपकारच आहेत. पण त्या कायद्यातल्या कार्पेटमध्ये घरातल्या आतल्या भिंतींची जागा धरलेली आहे. बाहेरच्या भिंती, डक्ट, स्वतंत्र बाल्कनी आणि स्वतंत्र गच्ची वगळलेली. म्हणजे जुना कार्पेट वेगळा आणि नवा कार्पेट वेगळा. शब्द एकच.

आता हिशेब करा. तुमचा जुना फ्लॅट 450 चौरस फूट कार्पेट, आतल्या भिंती वगळून. समजा आतल्या भिंती 40 फूट लांब आणि अर्धा फूट जाड, म्हणजे 20 चौरस फूट. रेराच्या मापाने तुमचा फ्लॅट आजच 470 आहे. बिल्डर म्हणतो 15 टक्के जादा, आणि जुन्या 450 वर हिशेब करून 517 देतो, पण हे 517 रेरा कार्पेट असतं. खरं तर 470 वर 15 टक्के म्हणजे 540 व्हायला हवेत. फरक 23 चौरस फुटांचा, एक बाथरूम अख्खं. कुणी खोटं बोललेलं नाही, सगळ्या कागदांवर कार्पेटच लिहिलंय. माझ्या पाहण्यात एका ऑफरमध्ये अगदी असंच होतं. सभासदांनी विचारल्यावर मापं पुन्हा मांडली गेली.

तेव्हा मीटिंगला जाताना जुना मंजूर नकाशा काढा आणि घराच्या आतल्या भिंतींची लांबी-जाडी स्वतः टेपने मोजा. ऑफरमधल्या प्रत्येक क्षेत्रफळाशेजारी ‘आतील भिंती धरून’ की ‘वगळून’ हे लिहून मागा. जुना आणि नवा, दोन्ही आकडे एकाच मापाने. बाल्कनी आत घेतलेली असेल तर ती कुठे मोजली, हेही. निर्देशांकाचं गणित नंतर, ते आर्किटेक्ट सांगेल.

आणि तुमच्याकडे जुन्या घरांच्या खणाला, कड्यांना, माळ्याला वेगळे शब्द असतील तर खाली लिहा. कोकणातले आणि खानदेशातले विशेष हवे आहेत.