सात फुटी नावेतला संसार

आजची गोष्ट इंग्लंडमधल्या कालव्यांची आहे. खरं सांगायचं तर ती कालव्यांची कमी आणि त्यांवर जन्म काढलेल्या बायकांची जास्त आहे.

आपल्याकडे कालवा म्हटलं की शेताला पाणी. इंग्लंडमधले हे कालवे मात्र माल वाहायला खोदले. आज त्यांवर लोक सुट्टी घालवायला जातात. लांबच लांब, अरुंद नाव भाड्याने घ्यायची आणि माणूस चालतो त्या वेगाने काठाकाठाने जायचं. नावेवर गुलाबाची फुलं आणि किल्ले रंगवलेले, पितळेच्या मुठी लखलखीत घासलेल्या, खिडकीला क्रोशाची लेस. बघणाऱ्याला वाटतं, काय सुरेख हौस आहे! ही हौस ज्यांच्या घरातून आली, त्या बायकांना सुट्टी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं.

१७६१ साली ब्रिजवॉटरच्या ड्यूकने आपल्या खाणीतला कोळसा मँचेस्टर शहरात नेण्यासाठी कालवा सुरू केला. घोड्याच्या पाठीवरून थोडाच कोळसा जातो. तोच घोडा काठाने चालत पाण्यावरची नाव ओढू लागला, तर पंचवीस टन माल सहज नेतो. मँचेस्टरमध्ये कोळशाचा भाव निम्म्यावर आला. मग काय, गिरणीवाले, खाणवाले, चिनी मातीची भांडी करणारे, सगळेच कालव्यांच्या मागे लागले. हे काम उभं करणारा जेम्स ब्रिंडली हा गिरण्यांची यंत्रं बसवणारा कारागीर. त्याला लिहिणं-वाचणं जेमतेमच येत होतं.

पैसा आणि पाणी वाचावं म्हणून मधल्या भागातले बरेच कालवे अरुंद ठेवले. त्यामुळे नावही सात फुटांहून थोडी कमी रुंद आणि सत्तर फूट लांब झाली. म्हणजे आपल्या एस.टी.पेक्षा अरुंद, पण लांबीला जवळजवळ दोन एस.टी. एकामागे एक.

आता नाव चढण कशी चढते? त्यासाठी लॉक असतं. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला दगडी हौद. नाव खालच्या दाराने आत घ्यायची, दार लावायचं आणि वरच्या बाजूची झडप उघडून पाणी आत सोडायचं. हौद भरतो, नाव पाण्याबरोबर वर येते, मग वरचं दार उघडून पुढे जायचं. उतरताना याच्या उलट. झडपा फिरवायला लोखंडी हँडल लागतं आणि दाराचा लाकडी दांडा पाठ लावून रेटावा लागतो. लंडन ते बर्मिंगहॅम हा ग्रँड युनियन कालवा सुमारे २२० किलोमीटरचा, आणि त्यावर १६६ लॉक. हॅटन गावाजवळ तर ओळीने २१ लॉक आहेत. एका खेपेत किती दारं रेटावी लागत असतील, मोजून बघा. नवरा नाव सांभाळत असेल तर दारं बायकोकडे. तो दारांवर असेल तर सुकाणूचा दांडा बायकोच्या हातात.

बोगदा आला की आणखी वेगळं. बऱ्याच बोगद्यांत घोड्याला चालायला वाटच नसे. माणसं नावेवर फळी टाकून उताणी झोपायची आणि भिंतीला पाय लावून, जणू भिंतीवरून चालत, नाव पुढे ढकलायची. घोड्याला डोंगरावरून पलीकडे न्यायचं काम बहुतेक वेळा बायकोचं नाहीतर पोरांचं.

कुटुंबं सुरुवातीपासून सरसकट नावेवर राहत नव्हती. १८३०-४० नंतर रेल्वे आली आणि कालव्याच्या मालाचे दर पडले. नावाड्याला गडी ठेवणं परवडेना, काठावरच्या घराचं भाडंही जड जाऊ लागलं. मग बायकापोरं नावेवर आली. मजुरी ठरायची ती खेपेवर आणि मालाच्या टनावर, आणि हातात पडायची ती कप्तानाच्या. कप्तान म्हणजे नवरा. बायकोच्या कामाचा वेगळा पैसा नाही. काही विधवा स्वतःच्या नावावर नाव चालवत, पण त्या मोजक्याच. पुढे इंजिनाच्या नावा आल्या तेव्हा कामात जोड लागली. पुढची नाव इंजिनाची, तिला दोराने बांधलेली मागची नाव बिनइंजिनाची. पुढच्या नावेवर नवरा, मागचीवर बायको. म्हणजे एक अख्खी नाव तिच्या भरवशावर. तरी कागदावर ती कप्तानाची बायकोच राहिली.

आणि घर? नावेचा बहुतेक भाग मालाचा. मागच्या टोकाला साधारण दहा फूट लांबीची एक केबिन, तोच सगळा संसार. दाराशी कोळशाची शेगडी. शेजारी कपाट, त्याची फळी खाली ओढली की जेवायचं टेबल. पुढे आणखी एक फळी, ती आडवी पाडली की नवराबायकोचा पलंग. पोरं बाजूच्या बाकावर नाहीतर जमिनीवर. प्यायचं पाणी नळावरून भरून रंगवलेल्या कॅनमधून केबिनच्या टपावर ठेवलेलं. धुणं काठावर, नाव थांबेल तेव्हा. रांगतं पोर पाण्यात पडू नये म्हणून त्याला धुराड्याशी दोरीने बांधून ठेवत. बाळंतपणंही याच केबिनमध्ये व्हायची, आणि बाई लवकरच पुन्हा सुकाणूवर उभी राहायची, कारण माल पोचल्याशिवाय मजुरी नाही. कोळशाच्या धुळीत राहून भिंतीवर नक्षीच्या बशा टांगणाऱ्या आणि रोज पितळ घासणाऱ्या या बायका होत्या. मला तर ही सजावट म्हणजे ‘आम्ही घाणेरडे नाही’ असं काठावरच्या लोकांना दिलेलं उत्तर वाटतं.

तसं उत्तर द्यायची वेळ होतीच. कोलव्हिलचा जॉर्ज स्मिथ लहानपणी वीटभट्टीवर राबलेला. कालव्यावरच्या पोरांचे हाल त्याने चव्हाट्यावर आणले. त्याच्या खटपटीमुळे १८७७ साली कायदा झाला. नावेची नोंदणी करायची, एका केबिनमध्ये किती माणसं राहायची ते ठरवायचं. १८८४ साली तपासणीची व्यवस्था आणखी घट्ट केली. काम चांगलं होतं, पण लोकांना जाग यावी म्हणून त्याने नावेवरच्या माणसांना दारुडे, घाणेरडे, अनीतीने वागणारे असं सरसकट रंगवलं. त्याचा सल त्या माणसांना पुढे फार वर्षं राहिला.

शाळेचा प्रश्न तर सुटलाच नाही. आज या गावात, उद्या पुढच्या, मग पोर वर्गात बसणार कधी? १९२१ साली एका सरकारी समितीने सुचवलं की शाळा चालू असताना शाळेच्या वयाच्या मुलांना नावेवर ठेवायला बंदी करावी. मुलं शिकायला हवीत हे खरं. पण म्हणजे आईने पोर कुठेतरी सोडून पुढे जायचं का? तसा कायदा काही झाला नाही, आणि पोरं बहुतेक निरक्षरच राहिली. दोन्ही बाजूंनी नुकसान आईचंच.

या सगळ्यात एक नाव आदराने घ्यावं असं आहे. स्टोक ब्रुअर्न या गावी कालव्याकाठी सिस्टर मेरी वॉर्ड राहत. त्या परिचारिका. नावा लॉकपाशी थांबायच्या तेव्हा बायका आजारी पोरं घेऊन त्यांच्या घरी यायच्या. भाजणं, खोकला, अडलेली बाळंतीण, सगळं त्या बघत. दवाखाना रांगेत उभं करतो आणि नाव थांबू शकत नाही, ही अडचण त्यांना कळली होती. १९६२ पर्यंत त्यांनी हे काम केलं.

दुसऱ्या महायुद्धात पुरुष कमी पडले, तेव्हा सरकारने शहरातल्या मुलींना नावा चालवायला शिकवलं. एका जोडीवर तिघी जणी. लंडनहून पोलाद वगैरे घेऊन बर्मिंगहॅमला जायचं, येताना कोव्हेंट्रीकडच्या खाणींचा कोळसा आणायचा. त्यांच्या बिल्ल्यावर आय.डब्ल्यू. अशी अक्षरं होती. अर्थ ‘देशांतर्गत जलमार्ग’, पण चेष्टेत त्यांना ‘आळशी बायका’ म्हटलं जाई, कारण इंग्रजीत त्याचीही आद्याक्षरं तीच. हात सोलून निघेपर्यंत राबणाऱ्या मुलींना हे नाव! पण फरक बघा. या मुलींना प्रत्येकीला पगार मिळाला. शेजारच्या नावेवर तेच काम जन्मभर करणाऱ्या बाईला तो नव्हता. या मुली शिकलेल्या होत्या, त्यांतल्या सुझन वूलफिट, एमा स्मिथ यांनी युद्धानंतर पुस्तकं लिहिली, ती लोकांनी आवडीने वाचली. नाव कशी वळवायची, लॉकमध्ये कशी घालायची, यातलं किती तरी त्या नावेवरच्या बायकांना पाहून शिकल्या होत्या.

१९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे गोठले, नावा बर्फात आठवडेच्या आठवडे अडकून पडल्या आणि गिऱ्हाइकं ट्रककडे वळली. पश्चिम लंडनमधल्या जॅमच्या कारखान्याला कोळसा नेणारी नियमित लांबची खेप १९७० साली बंद झाली. कुटुंबं विटांच्या घरांत राहायला गेली.

काही वर्षांनी शीला स्टुअर्ट नावाची लेखिका नावेवर आयुष्य काढलेल्या म्हाताऱ्या बायकांकडे जाऊन बसली. त्यांना लिहिता येत नव्हतं, बोलता भरपूर येत होतं. त्यांच्या बोलण्यातून तिने ‘रोझ’ नावाच्या एका बाईची कहाणी रचली, तिच्याच बोलीत. ते पुस्तक १९९३ साली छापून आलं.