बुंध्याशी अध्यक्ष

कंपनीच्या रचनेचा तक्ता म्हटलं की वरच्या टोकाला एक चौकोन, त्यात मोठ्या साहेबांचं नाव आणि तिथून खाली उतरत जाणाऱ्या रेघा एवढंच आठवतं. या तक्त्यांचा मूळपुरुष मात्र उलटा उभा आहे. १८५५ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या ‘न्यूयॉर्क अँड इरी’ रेल्वेसाठी तो काढला गेला. त्यात अध्यक्ष आणि संचालक मंडळ कागदाच्या तळाशी आहेत. तिथून फांद्या वर जातात, रुळांसारख्या वळतात आणि त्यांवर कळ्या-पानांसारखे स्टेशनमास्तर, गार्ड, ड्रायव्हर, गँगवाले दाटीने लगडलेले दिसतात. कोणत्या खात्यात कोणत्या दर्जाची किती माणसं, हेही त्यातच मांडलेलं आहे. कल्पना सुपरिंटेंडेंट डॅनियल मॅक्कॅलमची, हात जी. एच. हेनशॉ या नकाशाकाराचा. एक प्रत वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे.

हौसेपोटी कोणी असलं झाड काढत नाही. सुरुवात अपघातातून झाली. ५ ऑक्टोबर १८४१ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या ‘वेस्टर्न’ रेल्वेवर दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. एक गार्ड आणि एक प्रवासी दगावला. मार्ग एकेरी, गाड्या दोन्ही दिशांनी धावायच्या आणि कुठली गाडी कुठे थांबवायची हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा, हेच धड ठरलेलं नव्हतं. चौकशीनंतर त्या रेल्वेने मार्गाचे विभाग पाडले आणि प्रत्येक विभागाला जबाबदार माणूस नेमला. कामाच्या वाटण्या कागदावर आल्या त्या इथे. चित्र अजून व्हायचं होतं.

१८५१ मध्ये पूर्ण झालेली इरी रेल्वे साडेचारशे मैलांच्या आसपास लांब होती. उद्घाटनाच्या प्रवासात डॅनियल वेबस्टर हे मातब्बर राजकारणी देखावा नीट दिसावा म्हणून उघड्या वाघिणीवर झुलती खुर्ची टाकून बसले होते म्हणतात. त्याच वर्षी तेव्हाचा सुपरिंटेंडेंट चार्ल्स मिनोट याने तारेने हुकूम पाठवून गाडी पुढे काढायचं ठरवलं. तारेच्या भरवशावर इंजिन हाकायला ड्रायव्हरने साफ नकार दिला, तेव्हा मिनोट स्वतः इंजिनावर चढला आणि गाडी घेऊन गेला. मला ही गोष्ट आवडते, पण साडेचारशे मैलांवर प्रत्येक इंजिनावर साहेब चढू शकत नाही, ही तिची दुसरी बाजू.

१८५४ मध्ये मिनोटच्या जागी आलेल्या मॅक्कॅलमने नेमकी हीच अडचण पकडली. हा मूळचा स्कॉटलंडचा, धंद्याने पूल बांधणारा. एका गोष्टीचं त्याला कोडं होतं : मोठ्या रेल्वेला दर मैलामागे खर्च कमी यायला हवा, पण तो लहान रेल्वेपेक्षा जास्त कसा येतो? त्याचं उत्तर असं, की पन्नास मैलांच्या मार्गावर सुपरिंटेंडेंट सगळ्या माणसांना ओळखतो आणि बारीकसारीक गोष्टींवर स्वतः नजर ठेवतो. पाचशे मैलांवर तसं करू जाणारा बुडतो. दोष लांबीचा नव्हता, व्यवस्था नसण्याचा होता.

मग त्याने तत्त्वं लिहून काढली. जबाबदारी वाटून द्यायची. ती पेलण्याइतका अधिकार सोबत द्यायचा. काम झालं की नाही हे कळण्याची सोय हवी. चूक झाली तर ती लगेच वर कळली पाहिजे. तारेवरून तासातासाला गाड्यांची खबर यायची आणि तक्त्यांत भरली जायची. मला यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं ते एक कलम, ज्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही : रोजचे अहवाल असे मागवा की मधल्या अधिकाऱ्याची पंचाईत होणार नाही आणि हाताखालच्यांमधलं त्याचं वजन कमी होणार नाही. म्हणजे माहिती साहेबापर्यंत पोचली, तरी मधल्या माणसाला ओलांडून हुकूम सोडायचा नाही. आजही कितीतरी कचेऱ्यांत विभागप्रमुखाला त्याच्याच खात्यातला निर्णय शिपायाकडून कळतो.

‘अमेरिकन रेलरोड जर्नल’चे संपादक हेन्री वार्नम पूअर या पद्धतीवर खूश झाले. तक्त्याची शिळाछाप प्रत त्यांनी डॉलरला एक अशी विकायला काढली. (‘स्टँडर्ड अँड पूअर्स’मधले पूअर ते हेच.)

झाड सुरेख होतं. माणसांना ते जाचू लागलं. मॅक्कॅलम कडक शिस्तीचा. अंगावर हुद्द्याची खूण असलेला गणवेश आणि फक्त लगतच्या वरिष्ठाचा हुकूम, असा त्याचा खाक्या. थांब्याच्या स्टेशनात सांधा चुकीचा लागलेला असला तरी गाडी घसरल्याचा ठपका ड्रायव्हरवर, असा नियम त्याने केला. सांधा लावणारा दुसराच, आणि शिक्षा याला! ज्याने ‘जबाबदारीइतकाच अधिकार’ असं लिहिलं, त्यानेच ड्रायव्हरला अधिकाराशिवाय जबाबदारी दिली. १८५६ मध्ये ड्रायव्हरांनी संप केला, कंपनीला तो महागात पडला आणि पुढच्याच वर्षी मॅक्कॅलमने राजीनामा दिला.

त्याचं कसब मात्र वाया गेलं नाही. १८६२ मध्ये यादवी युद्धात उत्तरेच्या लष्करी रेल्वेचा कारभार त्याच्याकडे आला आणि युद्ध संपेपर्यंत त्याच्या खात्याने सुमारे दोन हजार मैलांचे मार्ग चालवले. लष्करात त्याची शिस्त कुणाला खटकण्याचं कारण नव्हतं.

पूअर मात्र विचारात पडले. माणसाला यंत्राच्या सुट्या भागासारखं वागवलं तर त्याची स्वतःची बुद्धी आणि उमेद मरते, हा धोका त्यांना दिसू लागला. त्यावर उपाय म्हणून ते वरच्यांकडे वळले : त्यांना सगळी रेल्वे मुळापासून ठाऊक हवी आणि शेवटच्या माणसापर्यंत एकच ऊर्मी पोचवता यायला हवी. ही अट चित्रात दाखवता येत नाही.

तक्ता लगेच रुजला असंही नाही. १९१४ मध्ये आलेखांवर पुस्तक लिहिणाऱ्या विलार्ड ब्रिंटन यांची तक्रार होती की असे तक्ते हवे तितके वापरले जात नाहीत. पुढच्या काही दशकांत त्यांची तक्रार पुरती मिटली. तोवर झाडाची पानं गळून चौकोन आले होते आणि अध्यक्ष तळातून उचलून माथ्यावर नेऊन ठेवले गेले होते.