ओपल (रत्न)

'''ओपल''' हे जलयुक्त सिलिकेचे अस्फटिकी रत्न आहे. त्याचे रासायनिक सूत्र SiO₂·nH₂O असे लिहितात. वजनाच्या साधारण ६ ते १० टक्के पाणी त्यात असते. काही नमुन्यांत हे प्रमाण २१ टक्क्यांपर्यंत आढळते. मोस मापनश्रेणीवर त्याची कठिनता ५.५ ते ६.५ असून ते क्वार्ट्‌झपेक्षा मऊ आहे. लॅटिन नावाचे मूळ संस्कृत ''उपल'' (दगड) या शब्दात असल्याचे मानले जाते. नवरत्नांमध्ये ओपलचा समावेश नाही.

== रंगक्रीडा ==
खडा हलवताना बदलणाऱ्या रंगांना रंगक्रीडा म्हणतात. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने तिचे कारण दाखवून दिले. मौल्यवान ओपलमध्ये सिलिकेचे सारख्या आकाराचे सूक्ष्म गोल नियमित थरांत रचलेले असतात व त्यांमुळे प्रकाशाचे विवर्तन होते. लहान गोलांमुळे निळा-जांभळा, तर मोठ्या गोलांमुळे तांबडा रंग दिसतो. गोलांची रचना अनियमित असल्यास रंगक्रीडा दिसत नाही. अशा खड्यास सामान्य ओपल म्हणतात.

== आढळ ==
ऑस्ट्रेलियातील लाइटनिंग रिज काळ्या ओपलसाठी, तर कूबर पेडी पांढऱ्या ओपलसाठी प्रसिद्ध आहे. मेक्सिकोत नारिंगी-तांबडे अग्नि-ओपल सापडते. २००८ पासून इथिओपियाच्या वोलो भागातील ओपल बाजारात मोठ्या प्रमाणात आले.

बुलढाणा जिल्ह्याचा मोठा भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाने व्यापला आहे. चिखली तालुक्यातील उंद्रीचा परिसर व लोणारचे विवर याच प्रदेशात येतात. बेसाल्टमधील पोकळ्यांत झिओलाइट, गारगोटी, कॅल्सेडोनी, अकीक आणि क्वचित सामान्य ओपल तयार होते. दख्खनमधील अशा खनिजांचे नमुने सिन्नर येथील गारगोटी संग्रहालयात पाहता येतात. शेतात सापडणारे दुधी, चमकदार खडे बहुधा गारगोटी किंवा कॅल्सेडोनीचे असतात. दागिन्यांतील रंगक्रीडायुक्त ओपल मुख्यतः आयात केलेले असते.

== गुणवत्तेचे निकष ==
* '''तेज :''' हा सर्वांत महत्त्वाचा निकष आहे. दुकानातील प्रखर दिव्याखाली साधारण खडाही उजळ दिसतो. म्हणून तो सावलीतील दिवसाच्या उजेडातही पाहतात.
* '''पार्श्वरंग :''' गडद पार्श्वभूमीवर रंग उठून दिसतात, त्यामुळे काळे ओपल सर्वाधिक महाग असते.
* '''रंग व आकृतिबंध :''' तांबडा रंग दुर्मीळ आणि अधिक मोलाचा असतो. मोठे, सलग चौकटीसारखे ठिपके असलेला हार्लेक्विन आकृतिबंध विशेष मौल्यवान मानतात. सर्व बाजूंनी रंग दिसणारा खडा एकाच कोनातून चमकणाऱ्या खड्यापेक्षा सरस असतो.
* '''घडण :''' घुमट सम असावा आणि खडा फार पातळ नसावा. तळाशी अनावश्यक जाडी ठेवल्यास वजन व किंमत वाढते, सौंदर्य वाढत नाही.
* '''अखंडता :''' पाणी निघून गेल्याने पृष्ठभागावर जाळीदार तडे पडू शकतात. खडा उजेडासमोर धरून भिंगाने तपासतात.

== जोड खडे, प्रक्रिया व नकला ==
ओपलची पातळ चकती काळ्या तळावर चिकटवून दुपदरी खडा करतात. त्यावर पारदर्शक टोपी बसवल्यास तो तिपदरी होतो. बाजूने पाहिल्यास सांध्याची सरळ रेषा दिसते. मात्र बंद कोंदणात ती झाकली जाते, म्हणून महत्त्वाचा खडा जडवण्यापूर्वीच पाहणे इष्ट असते. दीर्घकाळ पाण्यात राहिल्यास सांधा सुटून खडा धुरकट होतो.

इथिओपियन ओपल बहुधा सच्छिद्र असते. ते पाणी शोषून तात्पुरते पारदर्शक होते. तेल, अत्तर व रंगही शोषते. त्याला धुराने काळे करून काळ्या ओपलसारखे रूप दिले जाते. प्रयोगशाळेत बनवलेल्या ओपलमध्ये सरड्याच्या कातडीसारखी नक्षी दिसू शकते. 'ओपलाइट' नावाने विकली जाणारी निळसर दुधी वस्तू बहुतेकदा काच असते.

== खरेदी ==
ज्योतिषात ओपल शुक्राशी जोडले जाते व हिऱ्याऐवजी वापरले जाते. या समजुतीस वैज्ञानिक आधार नाही. अशा अंगठीत खडा त्वचेला टेकावा म्हणून कोंदण खालून उघडे ठेवतात. त्यामुळे सच्छिद्र ओपलवर घाम व तेलाचा परिणाम होतो.

जिल्ह्यातील खामगाव चांदीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. चांदी असो वा सोने, भारतीय मानक ब्यूरोचा हॉलमार्क फक्त धातूची शुद्धता सांगतो. खड्याची खात्री देत नाही. त्यामुळे खडा नैसर्गिक, जोड, प्रक्रिया केलेला की कृत्रिम हे बिलावर लिहून घेणे आणि महाग खड्यासाठी रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागणे उपयुक्त ठरते. रत्तीचे मान सर्वत्र सारखे नसल्याने वजन कॅरटमध्ये (१ कॅरट = ०.२ ग्रॅम) नोंदवणे सोयीचे असते.

== निगा ==
धुळीतील क्वार्ट्‌झचे कण ओपलपेक्षा कठीण असल्याने चकाकी घासली जाते. रोजच्या अंगठीपेक्षा कर्णभूषणे व पदकात ओपल अधिक टिकते. ते ओलसर मऊ कापडाने पुसतात. वाफ, श्राव्यातीत यंत्र, तीव्र ऊन आणि तापमानातील अचानक बदल टाळतात.