दांडीचा डफ आणि गिधाडांचा डोंगर

बिहारमधल्या राजगीरच्या जुन्या रोपवेची खुर्ची कोणासाठी थांबत नाही. आपण पाठमोरं उभं राहायचं, ती मागून येऊन गुडघ्यांच्या लवणीत बसते, तिथला माणूस पुढचा दांडा खाली पाडतो आणि आपण एकटेच झुडपांवरून लोंबकळत वर निघतो. एका खुर्चीत एकच माणूस. आता आठ जणांच्या बंद डब्यांची नवी सोयही झाली आहे, पण मी मुद्दाम जुन्या रांगेत उभा राहिलो. अर्ध्या वाटेवर वरून आवाज यायला लागला : एकसारखा, सात ठोक्यांचा. ना-मु-म्यो-हो-रेन-गे-क्यो. माझ्या मागच्या खुर्चीत विदर्भातून आलेल्या यात्रेकरूंपैकी एक आजी होत्या. वर उतरल्यावर पदर सावरत त्या म्हणाल्या, "हे तं आपल्या सेवाग्रामच्या प्रार्थनेतलं होय ना!"

होय, तेच. रत्नगिरीच्या माथ्यावरचा पांढरा विश्वशांती स्तूप ज्या संस्थेने उभा केला, त्या निप्पोन्झान म्योहोजीची भारतातली वाट वर्ध्यावरून गेली आहे.

संस्था 1917 सालची. संस्थापक निचिदात्सु फुजी, जन्म 1885, जपानच्या क्युशू बेटावरचा. ते निचिरेन परंपरेतले भिक्षू. तेराव्या शतकातल्या निचिरेनचं सांगणं असं की, बुद्धाचा धर्म पश्चिमेकडून जपानला आला, तो एक दिवस जपानातून पुन्हा भारतात परतेल. बाकीच्यांनी हे वाक्य पोथीत ठेवलं. फुजींनी ते कामाची यादी समजून हातात घेतलं. 1931 साली ते कोलकात्यात उतरले. जवळ फारसं काही नव्हतं, एक डफ होता. जपानी हातपंख्यासारखा, गोल कडीवर चामडं ताणलेला, खाली धरायला दांडी. डफ वाजवत चालायचं आणि त्या सात ठोक्यांच्या मंत्राने सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या नावाला नमस्कार करायचा, एवढीच या पंथाची साधना. प्रवचन नाही, दीक्षेचा आग्रह नाही.

1933 च्या ऑक्टोबरात ते वर्ध्याला गांधीजींना भेटले. गांधीजी त्यांना 'गुरुजी' म्हणत, आणि पुढे सगळेच 'फुजी गुरुजी' म्हणू लागले. त्यांच्या पंथाचा एक भिक्षू गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमातही राहिला. आश्रमाची कामं करायचा आणि सकाळ-संध्याकाळ डफ वाजवत फिरायचा. 1941 च्या डिसेंबरात जपान युद्धात उतरला आणि पोलिसांनी त्याला उचलून नेलं. इंग्रज सरकारच्या लेखी तो आता शत्रुराष्ट्राचा माणूस होता. भिक्षू गेला, पण त्याचा मंत्र आश्रमाच्या सर्वधर्म प्रार्थनेत राहिला, आजही आहे. ज्या देशाशी लढाई चालू आहे, त्या देशातून आलेला मंत्र रोजच्या प्रार्थनेत म्हणायचा, यातला साधा हट्ट मला फार आवडतो.

पुढचा योगायोग फुजींच्या आयुष्यातला. त्यांची जन्मतारीख 6 ऑगस्ट. 1945 मध्ये साठी पूर्ण झाली त्याच दिवशी हिरोशिमावर बॉम्ब पडला. युद्धानंतर संस्थेच्या कामाने निराळं वळण घेतलं : शांतिस्तूप बांधायचे. पहिला 1954 साली कुमामोतोत उभा राहिला. भारतातला पहिला कुठे, हा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं. सद्धर्मपुंडरीक सूत्र बुद्धांनी राजगृहाच्या, म्हणजे आजच्या राजगीरच्या, गृध्रकूटावर सांगितलं, अशी महायान परंपरेची श्रद्धा आहे. ज्या ग्रंथाचं नाव दिवसरात्र घ्यायचं, त्याचं जन्मगावच हे.

1965 मध्ये राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते पायाभरणी झाली. 25 ऑक्टोबर 1969 रोजी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी उद्घाटन केलं. आराखडा बिहारचे चित्रकार उपेंद्र महारथी यांचा, त्यामुळे स्तूप अगदी जपानी वाटत नाही. पांढरा घुमट आणि चार दिशांना चार सोनेरी मूर्ती : जन्म, बोधी, धर्मोपदेश, महापरिनिर्वाण. त्यानंतर धौली, लेह, दार्जिलिंग असे स्तूप होत गेले. 1993 मध्ये वर्ध्याला गीताई मंदिराशेजारीही एक झाला. फुजी गुरुजींनी तो पाहिला नाही; ते 1985 च्या जानेवारीत वारले, शंभरीला काही महिने कमी असताना.

इथवरची हकिगत संस्थेच्या कुठल्याही फलकावर शोभेल. माझी तक्रार वेगळी आहे. रोपवेने आलेले बहुतेक लोक स्तूपाला एक फेरी मारतात, सोनेरी मूर्तीसमोर फोटो काढतात, चहा पितात आणि त्याच खुर्चीने खाली जातात. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप झाला ते गृध्रकूट तिथून पायऱ्या उतरून थोडं खाली आहे. तिकडे वळणारे कमी.

आजी आणि मी उतरलो. कड्याच्या टोकाला पंख मिटून बसलेल्या गिधाडासारखा एक खडक आहे. नाव त्यावरून पडलं, असं सांगतात. वाटेत दोन नैसर्गिक गुहा. भिंतीला हात लावला तर बोटाला सोनेरी चुरा लागला. ब्रह्मदेश-थायलंडचे यात्रेकरू सोन्याचा वर्ख चिकटवून जातात, त्याचे तुकडे काळ्या कातळावर माशाच्या खवल्यांसारखे चमकतात. माथ्यावर काय आहे? विटांचा एक चौथरा. गुडघ्याएवढ्या भिंती, मध्ये छोटी वेदी, झेंडूच्या माळा, अर्धवट जळलेल्या उदबत्त्या. देणगीसाठी मागे लागणारा एक जण तिथेही होताच. त्याने आजींना दोनदा गाठलं, तिसऱ्यांदा त्यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

बुद्धांच्या अखेरच्या दिवसांची हकिगत सांगणाऱ्या महापरिनिब्बान सुत्ताची सुरुवात याच डोंगरावर होते. शेजारच्या वज्जी गणराज्यावर स्वारी करायची म्हणून मगधाचा राजा अजातशत्रू याने आपला मंत्री वस्सकार बुद्धांकडे पाठवला. बुद्धांनी त्याला थेट उत्तर दिलं नाही. मागे वारा घालत उभ्या असलेल्या शिष्य आनंदाला एकेक विचारत गेले : वज्जी वरचेवर सभा भरवतात का? एकत्र बसतात, एकत्र उठतात का? वडीलधाऱ्यांचं ऐकतात का? बायका-मुलींवर जबरदस्ती करत नाहीत ना? जोवर असं आहे तोवर त्यांची भरभराटच होईल. मंत्री गेल्यावर बुद्धांनी राजगृहातले सगळे भिक्षू जमवले आणि संघाची हानी होऊ नये म्हणून तशीच सात कलमं सांगितली. पहिलं हेच : वरचेवर भेटत राहा. संस्था चालवणाऱ्यांनी इथे येऊन हे एकदा वाचावं. आमच्याकडे तर वार्षिक सभेची गणसंख्यासुद्धा जेमतेम भरते.

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला चिनी भिक्षू फाहियान इथे आला तेव्हा जुनं राजगृह ओसाड पडलं होतं. त्याने नव्या नगरातून फुलं, धूप आणि दिव्याचं तेल विकत घेतलं, वाट दाखवायला दोन स्थानिक भिक्षू बरोबर घेतले, वर येऊन पूजा केली, बुद्ध असताना आपण जन्मलो नाही म्हणून हळहळला आणि रात्रभर इथेच राहिला. दोनशे वर्षांनी आलेल्या ह्युएन त्संगने राजा बिंबिसाराने बुद्धदर्शनासाठी बांधलेल्या रस्त्याचं वर्णन केलं आहे. वाटेत दोन छोटे स्तूप होते : राजा रथातून उतरला ती एक जागा, आणि बरोबरच्या सामान्य लोकांना त्याने परत पाठवलं ती दुसरी. मोठी माणसं दर्शनाला आली की बाकीच्यांना बाजूला काढायची रीत किती जुनी आहे पाहा.

मला रात्री राहता येणार नव्हतं. सूर्य कलला तसा रखवालदार शिट्टी वाजवू लागला. आजी वेदीपाशी बसून होत्या, बुद्धवंदना संपवूनच उठल्या. वर स्तूपाशेजारच्या जपानी मंदिरात सायंपूजा सुरू झाली असावी. मोठ्या ढोलाचा ठोका कड्यावरून खाली उतरत होता, आणि आजी पायऱ्या चढताना त्याच तालावर एकेक पाऊल टाकत होत्या. गुडघे दुखत होते त्यांचे. "खुर्ची बंद झाली असंल तं?" त्यांनी विचारलं. मी पुढे होऊन पाहिलं. शेवटच्या चार-पाच खुर्च्या अजून फिरत होत्या.