जकातीच्या दारातले जुने घड्याळ

सीमाशुल्काचा वर्ग मी दरवर्षी एका जुन्या घड्याळाने सुरू करतो. फेवर ल्युबाचे आहे, चावीचे, स्टीलच्या केसचे. मागचे झाकण उघडून मी ते बाकावरून फिरवतो. झाकणाची आतली बाजू भिंगाखाली धरली की सुईच्या टोकाने कोरलेले बारीक आकडे दिसू लागतात. ज्या घड्याळजींनी ते वेळोवेळी दुरुस्त केले त्यांच्या या खुणा. एकाने महिना आणि साल कोरले आहे, दुसऱ्याने फक्त दोन अक्षरे, आणि त्यावरून तिसऱ्याची रेघ गेली आहे. घड्याळ बाकावरून परत माझ्याकडे आले की मी विचारतो: हे आज परदेशात विकत घेऊन इकडे आणले, तर सरकारने त्यावर किती पैसे घ्यावेत? आणि ते कशाच्या आधारावर ठरवावेत?

पहिला प्रश्न पाच मिनिटांत सुटतो. दुसऱ्यासाठी हे पुस्तक लिहावे लागले.

विषय वरवर फार लहान वाटेल. परदेशातून सेकंडहँड महागडी घड्याळे मागवणारे असे किती जण असतील? पण गेली अनेक वर्षे शिकवताना माझी खात्री पटत गेली आहे की, सीमाशुल्क कायद्यातल्या जवळजवळ प्रत्येक कलमाची कसोटी या एका वस्तूवर लागते. सिमेंटच्या गोणीला किंवा नव्या मोबाइलला कायदा जे प्रश्न सहज विचारून पुढे जातो, तेच प्रश्न जुन्या घड्याळापाशी येऊन अडखळतात. कायदा जिथे अडखळतो तिथेच त्याची रचना नीट दिसते.

हे पनवेलमध्ये बसून लिहिले जावे, यात मला औचित्य वाटते. पनवेल हे जुने बंदर. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाल्यावर मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस मचव्याने पनवेलच्या खाडीत उतरे आणि इथून घाटाची वाट धरी. माल उतरतो तिथे जकात बसते, हा नियम इथल्या मातीला ठाऊक आहे. मराठेशाहीच्या कागदांत माल घेण्याच्या ठिकाणची जकात ‘थळभरीत’ आणि विकण्याच्या ठिकाणची ‘थळमोड’ म्हणून वेगळी नोंदलेली सापडते. म्हणजे कर नेमक्या कोणत्या क्षणी लागू होतो, हा आजच्या परीक्षेत हमखास येणारा प्रश्न आपल्या कारकुनांनी कधीच सोडवून त्याला मराठी नावेही दिली होती.

शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना लिहिलेले मिठाच्या जकातीचे पत्र या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचलेच पाहिजे. पोर्तुगीजांच्या बारदेशातले मीठ स्वस्त पडत होते आणि त्यापुढे स्वराज्यातल्या मिठाचा उठाव होत नव्हता. महाराजांनी बारदेशच्या मिठावर अशी जकात बसवायला सांगितले की, ते संगमेश्वरकडच्या मिठापेक्षा महाग पडावे. पत्राचा रोख खजिन्यात भर घालण्यावर नाही. आपल्या आगरातला व्यापार उठून दुसरीकडे जाऊ नये, ही त्यामागची काळजी आहे. पनवेल-उरण-पेणच्या मिठागरांच्या या मुलखात वाढलेल्या माणसाला ते पत्र समजावून सांगावे लागत नाही. संरक्षक आयातशुल्क म्हणजे काय, हे इतक्या थोडक्यात आणि इतक्या स्पष्टपणे सांगणारा दुसरा कागद माझ्या वाचनात नाही.

मधल्या काळात खाडी गाळाने भरत गेली आणि बंदर पनवेलकडून सरकले. २६ मे १९८९ रोजी न्हावा आणि शेवा या दोन गावांच्या नावाने ओळखले जाणारे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. कळंबोलीपासून उरणपर्यंत कंटेनरचे ट्रेलर, गोदामे आणि सीएचएंची (कस्टम हाउस एजंटांची) ऑफिसे उभी राहिली. आता उलव्याची टेकडी कापून केलेल्या नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आहे. घड्याळासारखी छोटी आणि मौल्यवान वस्तू सहसा हवेतूनच येते. त्यामुळे ज्या तालुक्याने आजवर कंटेनरचा माल सोडवला, त्याच्या पुढच्या पिढीला हातातल्या पिशवीतला आणि मनगटावरचा मालही ओळखावा लागणार आहे.

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर. सीमाशुल्क दरपत्रकाचे ९१ वे प्रकरण घड्याळांचे. केस सोन्याची किंवा अन्य मौल्यवान धातूची असेल तर ते घड्याळ ९१०१ खाली जाते, नसेल तर ९१०२ खाली. साध्या धातूच्या केसवर सोने जडवलेले असेल तरी ते ९१०२ च, असे प्रकरणाच्या टिपेत स्पष्ट म्हटले आहे. नवे आणि जुने असा भेद दरात नाही. २०१८ च्या अर्थसंकल्पाने मनगटी घड्याळांवरचे मूळ शुल्क १० वरून २० टक्के केले. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार येतो आणि या सगळ्या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी. भाडे आणि विमा धरून चार लाखांचे घड्याळ घ्या. मूळ शुल्क ८०,०००, अधिभार ८,०००, मग ४,८८,००० वर आयजीएसटी ८७,८४०. एकूण १,७५,८४० रुपये, म्हणजे जवळजवळ ४४ टक्के. करावरही कर बसतो, हे फळ्यावर पहिल्यांदा पाहताना विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर जो भाव येतो तो मला आवडतो. त्यांना गणिताची गोडी लागल्याची ती खूण असते.

पण हे चार लाख आले कुठून? खरा अभ्यास इथून सुरू होतो.

सीमाशुल्क अधिनियम १९६२ चे १४ वे कलम म्हणते की, किंमत म्हणजे व्यवहारमूल्य, खरेदीदाराने प्रत्यक्ष दिलेली किंवा द्यायची रक्कम. नव्या मालाला हे चपखल बसते. जुन्या घड्याळाचे बिल मात्र कधी एखाद्या लिलावगृहाचे असते, कधी दुबईच्या दुकानदाराचे, कधी कोणा खासगी माणसाने हाताने लिहून दिलेल्या चिठ्ठीचे. २००७ च्या मूल्यांकन नियमांतला १२ वा नियम अधिकाऱ्याला जाहीर किमतीवर वाजवी शंका घेण्याचा हक्क देतो. शंका टिकली की पुढची पायरी तंतोतंत तशाच मालाची किंमत शोधण्याची, आणि ती न मिळाल्यास तत्सम मालाची. इथे माझे ते उघडे झाकण पुन्हा पाहा. एकाच साली, एकाच कारखान्यात तयार झालेल्या दोन घड्याळांपैकी एकाची तबकडी मूळची राहिली, दुसऱ्याची कोणीतरी रंगवून घेतली. एकाची केस कधी पॉलिशला गेली नाही, दुसऱ्याची घासून घासून कडा गोल झाल्या. एकाबरोबर डबा आणि कागद आहेत, दुसऱ्याबरोबर नाहीत. ज्याला घड्याळ कळते त्याच्या दृष्टीने या दोघांत काही पटींचे अंतर आहे. बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे आयातीच्या घोषणापत्रावर, दोघांचे वर्णन एकाच ओळीत, एकाच शब्दांत बसते.

जुन्या यंत्रसामग्रीसाठी आपल्याकडे घसाऱ्याचा ठोकताळा आहे. वापराच्या दर तिमाहीमागे ठरावीक टक्के वजा करत जायचे, जास्तीत जास्त ७० टक्क्यांपर्यंत. लेथ मशीनला हे लागू पडते, कारण लेथ वापराने झिजते आणि तिची किंमतही त्याबरोबर उतरते. घड्याळ झिजत असताना त्याची किंमत चढू शकते. अभिनेता पॉल न्यूमन याच्या मनगटावरचे रोलेक्स डेटोना ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरवर गेले. ते स्टीलचे होते आणि वर्षानुवर्षे वापरलेले होते. कोणत्या घसाऱ्याच्या तक्त्यात ते बसवणार? मालाचे मूल्य त्याच्या धातूत किंवा यंत्रात नसून त्याच्या चरित्रात असेल, तर ते चरित्र वाचायला अधिकाऱ्याने आणि आयातदारानेही शिकले पाहिजे. या पुस्तकाची मधली चार प्रकरणे याच एका मुद्द्याला दिली आहेत. ती थोडी जड आहेत. पण ती सोडून पुढे जाऊ नका, अशी माझी मनापासून विनंती आहे.

जुनेपणाचा दुसरा पेच परवान्याचा आहे आणि अनेकांना तो पैसे भरून झाल्यावरच कळतो. परकीय व्यापार धोरण २०२३ च्या २.३१ परिच्छेदानुसार, भांडवली माल सोडून इतर वापरलेला माल ‘निर्बंधित’ आहे. तो आणायला परकीय व्यापार महासंचालनालयाचे अधिकारपत्र लागते. म्हणजे विक्रीसाठी पन्नास जुनी घड्याळे मागवणाऱ्याचा प्रश्न ४४ टक्क्यांचा नसतोच. त्याला दारच वेगळे आहे. शंभर वर्षे ओलांडलेले घड्याळ ९१ वे प्रकरण सोडून ९७ व्या, पुराणवस्तूंच्या प्रकरणात जाते. पट्टा मगरीच्या कातड्याचा असेल तर वन्यजीवांच्या व्यापाराचे नियम आणखी वेगळे उभे राहतात. आणि तेच घड्याळ प्रवाशाच्या हातातून आले तर हिशेब पुन्हा पालटतो. २०१६ च्या बॅगेज नियमांत परतणाऱ्या भारतीयाला ५०,००० रुपयांपर्यंत माफी होती आणि त्यावरच्या मूल्यावर अधिभारासह ३८.५ टक्के शुल्क होते. वस्तू एकच, पण आणणारा कोण आणि ती कशी आली, यावर कायदा तिचे रूप ठरवतो. आकडे अर्थसंकल्पागणिक बदलतात. ते पाठ करण्यापेक्षा ही रचना मनात बसवा.

आपल्या किनाऱ्यावर घड्याळाकडे संशयाने पाहण्याचाही इतिहास आहे. १९६१ मध्ये एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळुरूत घड्याळे बनवायला सुरुवात केली. त्यानंतरची कित्येक वर्षे परदेशी घड्याळ कायदेशीर मार्गाने मिळणे दुरापास्तच होते. रत्नागिरी-रायगडच्या घराघरांत आखातातून परतलेल्या माणसाच्या मनगटावरचे राडो किंवा सिको गावभर ओळखले जाई. अधिनियमाचे १२३ वे कलम त्या काळाची साक्ष आजही देते. तस्करीच्या वाजवी समजुतीने जप्त झालेला माल तस्करीचा नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी हे कलम माल बाळगणाऱ्यावर टाकते, आणि ज्या वस्तूंना ते लागू आहे त्यांत सोन्याच्या शेजारी घड्याळांचे नाव कायद्यातच लिहिलेले आहे. आजोबांच्या घड्याळाचे बिल कोण जपून ठेवतो? म्हणून परदेशी जाताना महागडे घड्याळ हातात असेल तर निघतानाच कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, असे मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो. एका साध्या कागदाने परतीच्या वेळचा वाद टळतो.

आणि आता काळ पुन्हा कूस बदलतो आहे. भारत आणि स्वित्झर्लंडसह चार देशांच्या एफ्टा गटातला करार १० मार्च २०२४ रोजी झाला आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून अंमलात आला. स्विस घड्याळांवरचे मूळ शुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. नव्या घड्याळाबरोबर उगमाची घोषणा सहज येते. पण जिनिव्हात जन्मून सिंगापुरात विकले गेलेले, मग दुबईत हात बदललेले तीस वर्षांपूर्वीचे घड्याळ स्विस असूनही ही सवलत कशी मागणार? नवे घड्याळ स्वस्त होत जाईल आणि जुन्यावर पूर्ण दर राहील, तेव्हा बाजार कुठे वळेल, याचा नीट अभ्यास मराठीत तरी अजून कोणी मांडलेला नाही. तो तुमच्यापैकी कोणी करावा, अशी माझी इच्छा आहे.

हे सारे मराठीत लिहिण्यामागे एक कळकळ आहे. पनवेल-उरणची शेकडो मुले सीएचएच्या ऑफिसात लागतात, दिवसभर बिल ऑफ एंट्री भरतात, कलमांचे आकडे तोंडपाठ म्हणतात. त्यामागचा विचार मात्र त्यांना त्यांच्या भाषेत कोणी सांगितलेला नसतो. माझ्या ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षिकेने मुलाने पाठवलेल्या घड्याळासाठी विमानतळावर इंग्रजी कागदावर सही केली आणि आपण नेमके काय कबूल केले, हे त्यांना पुढे कित्येक महिने कळले नाही. अशी सही कोणी करू नये, एवढ्यासाठी जरी हे पुस्तक उपयोगी पडले तरी मला पुरे आहे. म्हणून रूढ शब्द जसेच्या तसे ठेवले आहेत. असेसमेंटला असेसमेंटच म्हटले आहे आणि जिथे आपला जुना शब्द नेमका आहे तिथे जकातच म्हटले आहे.

पहिल्या प्रकरणात त्या फेवर ल्युबाचे झाकण पूर्ण उघडून मशीनचे छायाचित्र दिले आहे आणि समोरच्या पानावर त्याची कोरी बिल ऑफ एंट्री. पेन्सिल घ्या आणि वर्णनाच्या रकान्यापासून भरायला लागा.

पनवेल