पुणे महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा : विद्यार्थीवर्ग आणि गुणवत्ता

पुणे महानगरपालिका शहरात मोफत प्राथमिक शाळा चालवते. त्यांतील मुलांची सामाजिक घडण आणि शैक्षणिक प्रगती यांविषयी ही नोंद आहे. शाळांची संख्या अडीचशे ते तीनशेच्या दरम्यान असून समायोजन आणि हद्दवाढ यांमुळे ती बदलत राहते. माध्यमे मराठी, उर्दू, इंग्रजी व कन्नड. शाळा सहसा क्रमांकाने ओळखली जाते आणि क्रमांकापुढे ‘मुलांची’ किंवा ‘मुलींची’ असे लागते. पुष्कळदा एकाच इमारतीत सकाळी एक आणि दुपारी दुसरी शाळा भरते.

सरकारी खर्चाने शिकवायचे ते कोणाला, हा वाद पुण्यात जुना आहे. जोतीराव फुले यांनी 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1911 मध्ये त्याच हेतूने मध्यवर्ती विधिमंडळात विधेयक मांडले. पुढल्या वर्षी ते फेटाळले गेले. 1918 च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्ती लागू करण्याचा अधिकार मिळाला आणि पुण्यात प्रश्न उभा राहिला तो मुलींचा. पैसा अपुरा आहे, तेव्हा आधी मुलगे, अशी टिळकपक्षाची भूमिका होती. विठ्ठल रामजी शिंदे आणि रमाबाई रानडे मुलींच्याही सक्तीसाठी उभे राहिले. 1920 च्या सुमारास या प्रश्नावर शहरात मोर्चे निघाले आणि सभा उधळल्या गेल्या. आज पालिकेच्या वर्गांत मुली सर्रास दिसतात, पण त्यामागचे एक कारण फारसे सुखावह नाही. दोन मुलांपैकी एकालाच फी भरून खाजगी शाळेत घालणे परवडत असेल, तर घरात बहुधा मुलग्याचा नंबर लागतो.

महानगरपालिका 15 फेब्रुवारी 1950 रोजी अस्तित्वात आली. शाळांचा कारभार दीर्घकाळ 1947 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमाखालील शिक्षण मंडळाकडे होता. मंडळे रद्द करण्याचा निर्णय राज्याने 2013 मध्ये घेतला. पुण्यातील मंडळ त्यानंतर मुदत संपेपर्यंत चालले. आता कारभार पालिकेच्या शिक्षण विभागाकडे आहे.

विद्यार्थीवर्गात झालेला बदल हा या शाळांच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल म्हणावा लागेल. पेठांतल्या कारकुनाची, शिक्षकाची, कारागिराची मुले एकेकाळी याच बाकांवर बसत. ती आधी अनुदानित खाजगी शाळांत आणि मग इंग्रजी माध्यमात गेली. त्यांची जागा जनता वसाहत, दांडेकर पूल, ताडीवाला रोड, येरवडा, रामटेकडी अशा वस्त्यांतल्या मुलांनी घेतली. 1972 च्या दुष्काळानंतर मराठवाडा व सोलापूरकडून, पुढे उत्तर कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहार आणि नेपाळमधून आलेली ही कुटुंबे. पालक घरकामगार, बिगारी, रिक्षाचालक, हातगाडीवाले, कचरावेचक. घरी गोरमाटी, वडारी, कन्नड किंवा हिंदी बोलणारे मूल मराठी माध्यमात बसते, तेव्हा पहिलीच्या पुस्तकातली ‘मातृभाषा’ त्याची दुसरी भाषा असते. पटावरच्या नोंदीत मात्र माध्यम मराठी एवढेच उरते.

पट स्थिर नसतो, हेही ध्यानात घ्यावे लागते. इमारतीचे काम संपले की बांधकाम मजुराचे कुटुंब उठते आणि मूल वर्षाच्या मध्यात शाळा सोडते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही आणि मोठ्या वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवावे लागते. म्हणजे कधीही शाळेत न गेलेले दहा वर्षांचे मूल थेट चौथी-पाचवीत येते आणि वर्गाच्या सरासरीत मोजले जाते. बांधकामांवरच्या मुलांसाठी ‘डोअर स्टेप स्कूल’ ही संस्था (स्थापना मुंबईत, 1988) शहरात काम करते. दुसऱ्या टोकाला पट फुगवण्याची सवय होती. ऑक्टोबर 2011 च्या राज्यव्यापी पटपडताळणीत अनेक ठिकाणची कागदावरची मुले उघडी पडली.

शिक्षण हक्क कायद्याची दुसरी बाजू कमी बोलली जाते. खाजगी शाळांतील 25 टक्के राखीव जागांसाठी पुणे जिल्ह्यात राज्यातले सर्वाधिक अर्ज येतात. उत्पन्नाचा दाखला, भाडेकरार, ऑनलाइन अर्ज हे सारे जमवू शकणारा गरीब पालक त्या वाटेने निघून जातो. ज्याला कागद जमवता येत नाहीत, त्याचे मूल पालिकेच्या शाळेत राहते. सरकारी वा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असल्यास खाजगी शाळेला या जागांतून सूट देणारा नियम राज्याने फेब्रुवारी 2024 मध्ये आणला. मुंबई उच्च न्यायालयाने तो जुलैमध्ये रद्द केला.

गुणवत्तेविषयी ठाम विधाने खूप होतात, त्यामानाने मापे थोडी आहेत. ‘असर’ ही प्रसिद्ध शैक्षणिक पाहणी ग्रामीण भागापुरती असल्याने शहर तिच्या कक्षेबाहेर राहते. नोव्हेंबर 2021 मध्ये झालेले राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण जिल्ह्याचा निकाल देते. त्यात पुणे म्हणजे वेल्हे ते विमाननगर, जिल्हा परिषदेपासून खाजगी शाळांपर्यंत सगळे एकत्र. पालिकेच्या शाळेतले मूल तिसरीत वाचू शकते का, हे त्यातून वेगळे काढता येत नाही. राहते ती राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा. तिला सगळा वर्ग बसत नाही. शिक्षक निवडून, जादा तास घेऊन मुले बसवतात. शिवाय 2016-17 पासून काही वर्षे ती चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीला होऊ लागली. सातवीपर्यंतच असलेल्या शाळेचे मूल तेव्हा आठवीची परीक्षा दुसऱ्याच शाळेतून देई आणि यशही त्या दुसऱ्या शाळेच्या नावावर पडे.

पालिकेच्या काही इंग्रजी शाळा ‘आकांक्षा फाउंडेशन’ ही स्वयंसेवी संस्था भागीदारीत चालवते. संत गाडगे महाराज आणि के. सी. ठाकरे विद्यानिकेतन या त्यांपैकी. तरुण पदवीधरांना शाळांत शिकवायला पाठवणाऱ्या ‘टीच फॉर इंडिया’ची पहिली तुकडी 2009 मध्ये मुंबई आणि पुण्यातच उतरली. या वर्गांचे निकाल पालिकेच्या यशाचा दाखला म्हणून पुढे केले जातात. तेथील अध्यापक, पालकसंपर्क आणि बाहेरून येणारा पैसा बाजूच्या मराठी किंवा उर्दू शाळेला मिळत नाही, एवढे गृहीत धरून ते वाचावेत.

आपल्या शाळांतल्या मुलांचे माप वेगळे असावे, हे खुद्द पालिकाही मानते. दहावीनंतरच्या अर्थसाहाय्यासाठी पालिकेने खुल्या गटाला 80 टक्के गुणांची अट घातली आहे. स्वतःच्या शाळांतील मुलांना 70 टक्के पुरतात.

2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे हद्दीत आली. त्यांपैकी उरुळी देवाची व फुरसुंगी पुढे वेगळी झाली. या गावांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमुळे पालिकेच्या पटात शेतकरी घरांतील आणि नव्या गृहप्रकल्पांभोवतीच्या मजूर वस्त्यांतील मुलांची भर पडली असून तिथल्या शिक्षकांना पालिकेच्या सेवेत सामावून घेण्याचा प्रश्नही त्याबरोबर आला आहे.