एका ध्वनिमुद्रणाची साक्ष

गुस्ताव माहलरच्या नवव्या सिम्फनीचे एक ध्वनिमुद्रण गेली वीस-बावीस वर्षे माझ्या संग्रही आहे. व्हिएन्नातील म्युझिकफेराइन सभागृहात १६ जानेवारी १९३८ या रविवारी श्रोत्यांसमोर झालेल्या कार्यक्रमाचे ते मुद्रण. वाद्यवृंद व्हिएन्ना फिलहार्मोनिक, संचालक ब्रुनो वॉल्टर. ज्या मित्राने मला त्याची सीडी दिली, त्याने देतानाच पुढची कथाही सांगून टाकली. कार्यक्रमानंतर आठ आठवडेही उलटले नाहीत तोच, १२ मार्चला, हिटलरचे सैन्य ऑस्ट्रियात शिरले. वॉल्टर ज्यू होता. तेव्हा तो ॲमस्टरडॅममध्ये होता म्हणून वाचला. हे सगळे डोक्यात घेऊनच मी पहिल्यांदा ऐकायला बसलो आणि मला जागोजागी धास्तीच ऐकू आली. सुरुवातीचे चेलो आणि हॉर्नचे अडखळते ठोके, मध्येच कोणाचा तरी खोकला, सगळ्यांची चाललेली घाई. त्या ध्वनिमुद्रणावर लिहिणारे बहुतेक जण हेच ऐकतात.

ती धास्ती तबकडीत खरोखर आहे, की आपण नंतर मिळालेले ज्ञान तिच्यावर ओततो आहोत, हा प्रश्न मला बऱ्याच उशिरा पडला.

त्यासाठी आधी हे मुद्रण का झाले ते पाहायला हवे. एचएमव्हीतर्फे त्याची व्यवस्था पाहिली फ्रेड गैसबर्ग यांनी. हे नाव आपल्याला परके नाही. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहर जानचा आवाज तबकडीवर उतरवला तो याच गैसबर्गनी. तीन मिनिटांत राग मांडायचा आणि शेवटी ‘माय नेम इज गौहर जान’ म्हणून मोकळे व्हायचे, ही शिस्त आपल्या गायकांना ज्या यंत्राने लावली, त्या यंत्राचे हे फिरते प्रतिनिधी. पस्तीस वर्षांनंतर त्याच माणसापुढे सत्तर मिनिटांची रचना होती आणि तोवर ती कोणीही मुद्रित केलेली नव्हती. एवढी लांब आणि फारशी न खपणारी रचना स्टुडिओत मुद्रित करायची तर खर्च परवडणारा नव्हता. चालू कार्यक्रमातच यंत्रे लावणे हा व्यवहार्य मार्ग होता. वॉल्टरनेच १९३६ च्या मे महिन्यात त्याच सभागृहात माहलरची ‘दास लीड फॉन डेर एर्डे’ अशाच पद्धतीने मुद्रित करवली होती. म्हणजे बुडत्या जगाचा अखेरचा दस्तऐवज करून ठेवावा, असा हेतू या खटाटोपामागे नव्हता. तो नेहमीचा धंदा होता, थोड्या धाडसाचा.

आता वेगाकडे येऊ. हे मुद्रण सत्तर मिनिटांच्या आसपास संपते. आज हीच सिम्फनी सहसा ऐंशी मिनिटे किंवा त्याहून अधिक चालते. जुन्या तबकडीची एक बाजू साडेचार मिनिटांत भरते, म्हणून वादक घाई करत असावेत, असे कोणाला वाटेल. स्टुडिओत ते खरेही ठरले असते, कारण तिथे बाजू भरली की वाजवणे थांबत असे. इथे तसे नव्हते. मेणाच्या तबकड्यांवर कोरणारी यंत्रे आलटून पालटून चालत. एक बाजू भरत आली की दुसरे यंत्र सुरू होई. वादकांना थांबायचे कारण नव्हते, त्यांच्या मागे यंत्र धावत होते. शेवटी वीस बाजू भरल्या, दहा तबकड्या झाल्या. तेव्हा वेग वॉल्टरचाच.

आणि तो वॉल्टरला कोणी शिकवलेला नव्हता. माहलरचे निधन १८ मे १९११ रोजी झाले. नववी त्याने स्वतः कधी ऐकलीच नाही. पुढच्या वर्षी, २६ जून १९१२ रोजी, तिचा पहिला प्रयोग केला वॉल्टरनेच, याच वाद्यवृंदासह. म्हणजे ही त्याची स्वतःची, पाव शतक मुरलेली समज होती. पुढे १९६१ मध्ये, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, कॅलिफोर्नियात त्याने ती पुन्हा मुद्रित केली. १९३८ मध्ये अठरा मिनिटांत संपणारा शेवटचा भाग तेव्हा एकवीस मिनिटांच्या घरात गेला. वयोमान म्हणा, निर्वासिताचे शोकगीत म्हणा. पण शोक जास्त ऐकू येतो तो या दुसऱ्या मुद्रणात. मला तरी.

याचा अर्थ १९३८ च्या जानेवारीत व्हिएन्ना निर्धास्त होते असा मुळीच नाही. १९३३ च्या मार्चमध्ये लाइपझिग आणि बर्लिन या दोन्ही ठिकाणी वॉल्टरला कार्यक्रम करू दिले नव्हते. तो ऑस्ट्रियात आला तो तिथून निघूनच. १९३६ मध्ये व्हिएन्नाच्या ऑपेरात त्याच्या ‘ट्रिस्टान’च्या प्रयोगावेळी नाझी समर्थकांनी दुर्गंधीचे बाँब फोडले होते. जर्मनीत माहलरचे संगीत वाजेनासे झाले होते. भीती होतीच. पण ती रोजच्या जगण्यातली भीती होती, तिच्यासकट माणसे तालमी करत आणि तिकिटे काढत. तिला १२ मार्च ही तारीख ठाऊक नव्हती. आपल्याला ठाऊक आहे, आणि नेमका तिथेच आपला कान दगा देतो.

मग तबकडीने नेमके काय जपले? माझ्या मते, माणसे. पहिल्या व्हायोलिनवर त्या दिवशी आर्नोल्ड रोझे होता, वय चौऱ्याहत्तर. १८८१ पासून तो या वाद्यवृंदात होता. माहलरची बहीण युस्टिना ही त्याची पत्नी. मार्चनंतर त्याला आणि इतर ज्यू वादकांना काढून टाकण्यात आले. वाद्यवृंदाच्या त्या वेळच्या सदस्यांपैकी मोरित्स ग्लाटाउअर, व्हिक्टर रोबिट्सेक, माक्स श्टार्कमान, युलियुस श्टवेर्टका आणि आर्मिन टायरोलर हे पाच जण नाझींच्या छळछावण्यांत किंवा वंशसंहारात मारले गेले. पाचांची नावे पूर्ण लिहिली, कारण कथा सांगताना ‘अनेक वादक’ म्हणून पुढे जायची मलाही सवय झाली होती. त्याच वाद्यवृंदातले कितीतरी सहकारी नाझी पक्षाचे सदस्य होते, काही तर १९३८ च्या आधीपासून. तेही याच मुद्रणात असतील. ध्वनी त्यांना वेगळे करत नाही. सगळे मिळून एकच सूर लावतात. या मुद्रणात काही भयंकर असेल तर मला वाटते ते हे.

रोझे लंडनला पोहोचला आणि १९४६ मध्ये तिथेच वारला. त्याची मुलगी आल्मा आउश्वित्सच्या छावणीत कैदी स्त्रियांच्या वाद्यवृंदाची संचालक होती. एप्रिल १९४४ मध्ये ती तिथेच मेली.

गेल्या पावसाळ्यात मी एक प्रयोग केला. पाश्चात्त्य संगीताशी काही संबंध नसलेल्या माझ्या एका तबलजी मित्राला, तारीख-ठिकाण काही न सांगता, हे मुद्रण ऐकवले. पहिला खोकला ऐकल्यावर तो हसला. “मैफलीतलं आहे तर.” तिसऱ्या भागात सगळे भरधाव सुटतात, अकरा-सव्वाअकरा मिनिटांत तो भाग संपवतात आणि मध्ये मध्ये एकमेकांपासून सुटतातही. मी विचारले, घाबरलेले वाटतात का? तो म्हणाला, “छे, लय चढलीय यांना. घाबरलेला माणूस सम चुकवायची जोखीम घेत नाही.”

नंतर त्याने मला पहिला भाग पुन्हा लावायला सांगितला. त्याच्या शेवटी, सगळे शांत होत असताना, एकटे व्हायोलिन वर येते; सुरांमधून किंचित घसरत जाण्याची जुनी ढब त्यात आहे.

“हे कोण?”

मी नाव सांगितले. पुढचे काही सांगितले नाही. त्याने तेवढाच तुकडा आणखी दोनदा ऐकला.